खुर्ची ओढून

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार होतो.
चौथ्या मजल्यावर दिवा न लावता
दहा मिनिटं बसते मी,
लीस्बेतची फाइल मांडीवर.
एकोणीस वर्षं. रक्ताचा कर्करोग,
एकदा गेलेला, परत आलेला,
सध्या औषधांनी गप्प केलेला.
भावाच्या मूळपेशी जुळल्यात.
चार जानेवारीला किरणांची पहिली फेरी,
आणि त्या फेरीत दुखण्याबरोबर
आणखी काय काय जळतं
ते फाइलमध्ये एका ओळीत असतं,
पान अकरा, बारीक अक्षरात.

पूर्वी मी ती ओळ वाचून दाखवायचे
उभ्या उभ्याच, दाराच्या कडीला हात लावून.
मग हेड्विग आली. सहा वर्षांनी, तपासणीला नव्हे,
घरच्या राईच्या पावाची पुरचुंडी घेऊन.
केस दाट. गालांवर रक्त.
म्हणाली, लग्न झालं, जूनमध्ये.
म्हणाली, इतक्या कागदांवर सह्या घेतल्यात माझ्या,
त्यात हे होतं का?
मी म्हटलं, तेव्हा जीव वाचवायचा होता.
हो, वाचवलात की, ती म्हणाली,
त्याच जिवाबद्दल विचारतेय.

पाव अजून कोमट होता.
मला तो गिळवेना.

तेव्हापासून मी खुर्ची ओढते.
आईला, बापाला, नवऱ्याला सांगते,
कॉफीचं मशीन खाली आहे, सावकाश या.
गेल्या महिन्यात सारेमा बेटावरचा
बोटी दुरुस्त करणारा पोरगा
कान लालबुंद करून डबी घेऊन गेला,
परत आला तो खिडकीबाहेर बघत.
त्याचं तेवढ्यात झालं.
नऊ वर्षांच्या रास्मुसला मात्र काय विचारू?
त्याच्याजवळ गोठवण्यासारखं अजून काही पिकलेलंच नाही.
त्याच्या बापाला मी 'प्रयोग' हा शब्द तीनदा सांगितला
आणि तिन्ही वेळा त्यानं 'आशा' असाच ऐकला.

लीस्बेतची आई, उर्वे, जागची हलत नाही.
आधी पोर जगू दे, म्हणते,
नातवंडांचं कसलं काढलंत!
बरोबर आहे तिचं. मीही हेच म्हणायचे.
आई, जा ना, लीस्बेत म्हणते,
आणि ती जाते, पर्स पलंगावरच विसरून.

मग मी सांगते. तेरा दिवस. रोज पोटात सुई.
प्लेटलेट कमी, म्हणजे रक्तस्रावाची भीती.
ताप आला तर तिथंच थांबायचं,
पुढची तारीख हलणार नाही.
अंडी मिळतील सात, किंवा दोन. किंवा नाहीच.
मिळाली तरी मूल होईलच असं मी म्हणत नाहीये.
नको म्हणालीस
तरी चार जानेवारीला मी इथंच असेन.

ती टक्कल खाजवते.
मला मुलं आवडत नाहीत, म्हणते. मला कुत्रा हवाय.
आणि बऱ्याच वेळानं: किती थंड ठेवता?
उणे एकशे शहाण्णव.
बापरे! आमची मावशी तळघरात
वाळूत गाजरं पुरते, मेपर्यंत टिकतात.
तसंच काहीसं, मी म्हणते,
गाजरांची खात्री जास्त.
ती हसते. हसताना हिरडीतून
रक्ताची बारीक रेघ येते,
ती दोघी पाहून न पाहिल्यासारखं करतो.

सकाळी जेवणाच्या यादीच्या पाठीवर,
लापशीच्या डागाशेजारी, पेन्सिलीनं:
हो. पण कुत्रा आधी.

तेराव्या दिवशी खालून रीहोचा फोन आला.
तीन, म्हणाला.
तीन म्हणजे किती,
हे मला कुठल्याच परीक्षेत विचारलेलं नव्हतं.
मी वर गेले, खुर्ची ओढली,
या वेळी उर्वेलाही बस म्हटलं.
ती काही बोलली नाही.
मांडीवर हात ठेवून मोजत राहिली,
तीनच बोटं, पुन्हा पुन्हा.